कन्सोल आर्केड मॉनिटरला जोडताना: आधी वीज, मग सिंक, शेवटी रंग

जुन्या गेम पार्लरची पेटी कुणाच्या तरी गोदामात मिळते. आतला बोर्ड मेलेला असतो, मॉनिटर मात्र चांगला चालतो. मग साहजिकच वाटतं, घरचा प्लेस्टेशन २ याच पडद्यावर लावू. सोलापुरात असा खटाटोप करणारे बरेच जण आहेत आणि बहुतेकांचं काम एकाच पद्धतीने फसतं. ऑनलाइन एखादा अडॅप्टर मागवायचा, सगळ्या वायर एकदम जोडायच्या, पेटी चालू करायची आणि चित्र फाटलेलं दिसलं की अडॅप्टरला दोष द्यायचा. अडॅप्टर बहुधा ठीकच असतो. क्रम चुकलेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढचा घेऊ नका. असा मॉनिटर आता नव्याने बाजारात येत नाही. जळला तर त्याच्या जोडीचा शोधण्यात महिने जातात.

टप्पा १: पेटीत नेमकं काय आहे ते बघा

मागचं दार उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. बऱ्याच जुन्या पेट्यांत स्विच एकाच तारेवर असतो, आणि तो न्यूट्रलवर बसवलेला असेल तर फेज आतपर्यंत जिवंत राहते.

आत तीनपैकी एक गोष्ट सापडेल.

साधा रंगीत टीव्ही बसवलेला असेल आणि मागे पिवळं एव्ही सॉकेट असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कन्सोलची पिवळी पिन त्यात लावा आणि खेळा. व्हीजीए सॉकेटचा एलसीडी असेल तर जुन्या कन्सोलचं १५ किलोहर्ट्झचं (सेकंदाला सुमारे १५ हजार आडव्या रेषांचं) चित्र ३१ किलोहर्ट्झवर चढवणारा कन्व्हर्टर लागतो. ऑनलाइन मिळणारा जीबीएस ८२०० बोर्ड नेमका हेच करतो.

तिसरी गोष्ट म्हणजे खरा आर्केड मॉनिटर. त्याला ट्यूनर नाही, रिमोट नाही, एव्ही सॉकेट नाही. चासीवर, म्हणजे मॉनिटरच्या सर्किट बोर्डावर, एक छोटा प्लग असतो आणि त्यात लाल, हिरवी, निळी, सिंक (प्रत्येक रेष आणि चित्र कधी सुरू करायचं हे सांगणारा सिग्नल) आणि ग्राउंड अशा वायर येतात. इथून पुढचं सगळं त्याच्यासाठी.

सावधान: सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. खऱ्या आर्केड मॉनिटरसाठी लोक जीबीएस ८२०० मागवतात. तो बोर्ड उलट्या दिशेने काम करतो. त्यातून ३१ किलोहर्ट्झ बाहेर पडतं आणि तुमच्या मॉनिटरला हवं असतं १५.

चासीवरचं लेबल वाचा. बहुतेक जुने मॉनिटर १५ किलोहर्ट्झचे असतात. काही २४ किलोहर्ट्झचे, काही ३१ चे, आणि काही दोन-तीन वारंवारता पकडणारे असतात. लेबल गेलं असेल आणि पेटीत ५६ टोकांचा जामा कनेक्टर (गेम बोर्ड पेटीला जोडणारा ठरलेल्या मांडणीचा कनेक्टर) असेल, तर १५ धरून चाला. ही सावध बाजू आहे.

टप्पा २: मॉनिटरची वीज कन्सोलपासून वेगळी करा

हा टप्पा लोक गाळतात, आणि जिवावर बेतू शकतो तो हाच.

अनेक आर्केड मॉनिटर हॉट चासीचे असतात. म्हणजे त्यांचं ग्राउंड थेट मेन्सच्या तारेशी जोडलेलं असतं. मूळ पेटीत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट तारेची जोडणी न ठेवता वीज पुढे देणारा) असायचा, म्हणून खेळणाऱ्याला धोका नव्हता. पेटी हातोहात फिरताना तो ट्रान्सफॉर्मर कुणीतरी काढून टाकलेला असतो. अशा मॉनिटरच्या ग्राउंडला कन्सोलचं ग्राउंड जोडलं की कन्सोल मेन्सवर जातो. वायरवाल्या कंट्रोलरमधला सर्किट बोर्डही त्याच ग्राउंडवर असतो आणि तो कंट्रोलर मुलाच्या हातात असतो.

इथे आपल्याकडे हमखास एक गैरसमज असतो: "आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे की!" घरगुती स्टॅबिलायझरमध्ये ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचं वायंडिंग एकच असतं, त्यामुळे तो व्होल्टेज सांभाळतो पण वीज वेगळी करत नाही. २३० चे ११० करणारे स्वस्त स्टेप-डाउनही बरेचदा याच जातीचे असतात. जपानी मॉनिटर १०० व्होल्टचा किंवा अमेरिकन मॉनिटर ११० ते १२० व्होल्टचा असेल, तर नुसतं व्होल्टेज उतरवून थांबू नका.

सोलापुरात यंत्रमागाच्या मोटारी गुंडाळणारे वायंडिंगवाले आहेत. ट्रान्सफॉर्मरचं काम करणारा गाठा आणि "प्रायमरी-सेकंडरी वेगळं वायंडिंग, आयसोलेशनसाठी" असं स्पष्ट सांगा. २० इंची मॉनिटरला १५० ते २०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुरतो.

तपासणी अ: ट्रान्सफॉर्मर टेबलावर सुटा ठेवा. मल्टिमीटर बझरवर लावून एक टोक प्रायमरीला (वीज आत घेणाऱ्या बाजूला) आणि दुसरं सेकंडरीला (वीज बाहेर देणाऱ्या बाजूला) लावा. बीप वाजला तर तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे. परत करा.

तपासणी ब: ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर प्लग भिंतीबाहेर ठेवूनच पेटीचा स्विच चालू स्थितीत करा. मीटर सर्वात मोठ्या ओहम रेंजवर घ्या. एक टोक मॉनिटरच्या व्हिडिओ ग्राउंडला, दुसरं आळीपाळीने प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनला लावा. मग मीटरची टोकं उलटी करून पुन्हा मोजा. चारही वेळा मीटर उघडं सर्किट दाखवायला हवा. काही किलोओहम दिसले किंवा एका दिशेनेच वाचन आलं, तर मेन्स आत पोहोचते आहे. जाडसर अर्थ पिनशी मात्र मीटर बझरवर घेतल्यावर बीप वाजला तर घाबरू नका, तो वाजायलाच हवा.

पिक्चर ट्यूबच्या काचेवरची रबरी टोपी काढायची या कामात कुठेच गरज नाही. तिथे २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकतो. हात लावू नका.

टप्पा ३: कन्सोलमधून काय बाहेर येतं?

आर्केड मॉनिटरला लाल, हिरवा, निळा हे तीन सुटे सिग्नल लागतात. कन्सोलच हे आरजीबी सिग्नल देत नसेल तर अडॅप्टरने ते हवेतून येणार नाहीत.

प्लेस्टेशन १ आणि २, सेगा मेगा ड्राइव्ह, सेगा सॅटर्न आणि सुपर निन्टेन्डो थेट आरजीबी देतात. ड्रीमकास्ट १५ किलोहर्ट्झ आरजीबी देतो आणि ३१ किलोहर्ट्झ व्हीजीएही. केबलमधल्या जोडणीवरून तो काय द्यायचं ते ठरवतो, म्हणून त्याची व्हीजीए केबल १५ च्या मॉनिटरला लावू नका. निन्टेन्डो वी पाल (युरोप, भारत इथल्या टीव्ही पद्धतीचा) असेल तरच आरजीबी मिळतं.

आपल्याकडचे नव्वदच्या दशकातले साधे कॅसेटवाले टीव्ही गेम बहुधा फक्त कंपोझिट (पिवळ्या पिनेवरचा, रंग आणि सिंक एकत्र मिसळलेला सिग्नल) देतात, काही तर नुसतं अँटेनाचं आउटपुट. त्यांना आधी कंपोझिटचं आरजीबी करणारा डिकोडर लागतो. चित्राची धार त्यातही पिवळ्या पिनेइतकीच राहते.

एचडीएमआयवाल्या नव्या कन्सोलला १५ किलोहर्ट्झच्या मॉनिटरसाठी चित्र खाली उतरवणारा डाउनस्केलर लागतो. बाजारात सर्रास मिळणारी एचडीएमआय ते एव्हीची छोटी डबी कंपोझिट देते, आरजीबी नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या जोडणीला प्लेस्टेशन २ घ्यावा. तो सहज मिळतो, त्याची आरजीबी केबल मिळते आणि प्लेस्टेशन १ चे द्विमितीय गेम या पडद्यावर फार देखणे दिसतात. पुढचे टप्पे तोच धरून लिहिले आहेत.

टप्पा ४: सामान जमवा

प्लेस्टेशन २ ची आरजीबी स्कार्ट केबल (स्कार्ट म्हणजे युरोपी टीव्हींचा २१ पिनांचा कनेक्टर) ऑनलाइन मागवावी लागेल, कारण आपल्याकडच्या टीव्हींना स्कार्ट सॉकेट सहसा नसतं. सोबत एक फीमेल स्कार्ट सॉकेट घ्या, म्हणजे केबल कापावी लागणार नाही. सिंक वेगळा काढण्यासाठी एलएम १८८१ आयसी, ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, ६८० किलोओहमचा एक आणि ७५ ओहमचे चार रेझिस्टर लागतील. तयार आरजीबी व्हिडिओ अँप्लिफायर बोर्ड, शिल्डेड वायर आणि पेटीच्या पॉवर सप्लायमधून ५ व्होल्ट. सोलापुरात आयसी नाही मिळाला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघा.

तपासणी: स्कार्ट केबलच्या तोंडात १५, ११ आणि ७ क्रमांकाच्या पिना आहेत का ते डोळ्यांनी बघा. स्वस्त केबलमध्ये त्या जागा रिकाम्या असतात आणि आत फक्त कंपोझिट असतं. मीटरने तपासताना मात्र फसू नका. बऱ्याच प्लेस्टेशन केबलमध्ये रंगाच्या तारांत २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, त्यामुळे चांगल्या केबललाही बीप वाजत नाही.

सावधान: जपानी २१ पिनांची आरजीबी केबल दिसायला हुबेहूब स्कार्टसारखी असते, पण पिनांची मांडणी वेगळी. विकणाऱ्याला विचारून घ्या.

टप्पा ५: कन्सोल आधी टीव्हीवर तयार करा

पिवळ्या केबलने कन्सोल घरच्या टीव्हीला लावा. सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओ आउटला आरजीबी निवडा. हे राहून गेलं की मॉनिटरवर हिरवट-जांभळं चित्र येतं आणि लोक तासन् तास वायर उलटसुलट करत बसतात.

काही गेम सुरू होताना त्रिकोण आणि क्रॉस बटण एकत्र दाबलं की प्रोग्रेसिव्ह स्कॅन विचारतात. नाही म्हणा. तो ३१ किलोहर्ट्झचा मोड आहे. पाल गेम ५० की ६० हर्ट्झ असं विचारत असेल तर ६० निवडा, कारण आर्केड मॉनिटर ६० च्या आसपास जुळवलेला असतो.

टप्पा ६: फक्त सिंक जोडा

लाल, हिरव्या आणि निळ्याला अजून हात लावायचा नाही. रंग नसला तरी चित्र स्थिर आहे की नाही ते कळतं. सिंक नसेल तर रंग कितीही चांगला असो, काहीच कळत नाही.

स्कार्टच्या २० क्रमांकाच्या पिनेवर कंपोझिट व्हिडिओ येतो आणि सिंक त्यातच दडलेला असतो. त्याचं ग्राउंड १७ वर. आर्केड मॉनिटरला गेम बोर्डाकडून साधारण ५ व्होल्ट लॉजिकच्या ताकदीचा, उलट्या ध्रुवाचा सुटा सिंक मिळत आलेला असतो. कंपोझिटमधला सिंक जेमतेम ०.३ व्होल्टचा. म्हणून पिवळी वायर थेट मॉनिटरच्या सिंकला लावून सहसा भागत नाही. मध्ये एलएम १८८१ बसवायचा:

- स्कार्ट २० पासून ग्राउंडला ७५ ओहमचा एक रेझिस्टर.
- स्कार्ट २० मधून ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटरमार्गे आयसीची पिन २.
- पिन ६ पासून ग्राउंडला ६८० किलोओहम, आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड.
- पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ४ ला ग्राउंड. उरलेला ०.१ मायक्रोफॅरड या दोन पिनांमध्ये, आयसीच्या अगदी जवळ.
- पिन १ मधून तयार सिंक बाहेर.

तो मॉनिटरकडे न्यायचा कुठे? काही चासींवर आडव्या आणि उभ्या सिंकच्या वेगळ्या पिना असतात आणि इथे लोक अंदाज बांधतात. अंदाजाची गरज नाही. जामा कनेक्टरमध्ये सिंकची वायर एकच असते. खालच्या, म्हणजे सोल्डरच्या बाजूला, पी या जागी. तिथून निघालेली वायर चासीवर जिथे जाते ती जागा मूळ बसवणाऱ्याने आधीच बरोबर जोडलेली आहे. तुमचा सिंक जामाच्या पी ला द्या आणि ग्राउंड पार्ट्सच्या बाजूच्या १४ ला.

तपासणी: मीटरला हर्ट्झ रेंज असेल तर मॉनिटर बंद ठेवून, कन्सोल आणि ५ व्होल्ट चालू करून पिन १ मोजा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास आकडा यायला हवा. ३१ च्या आसपास आला तर थांबा आणि टप्पा ५ पुन्हा करा.

सावधान: सुपर निन्टेन्डो वापरत असाल तर हे लक्षात ठेवा. अमेरिकन आणि जपानी मशिनच्या मागच्या कनेक्टरमध्ये पिन ३ वर सुटा सिंक मिळतो. पाल मशिनमध्ये त्याच पिनेवर १२ व्होल्ट असतात. इंटरनेटवरचा आराखडा बघून जोडण्याआधी मशिन कुठलं ते बघा.

आता मॉनिटर चालू करायचा, पण पहिल्यांदा सिरीज बोर्डवरून (वीज दिव्यातून नेणाऱ्या तपासणी बोर्डवरून). १०० वॅटचा जुना तारेचा दिवा सिरीजमध्ये ठेवा. दिवा भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ठीक असेल तर दिवा काढून थेट लावा. पडदा काळा किंवा किंचित करडा दिसेल. कानाला चर्रर्र किंवा विचित्र बारीक शिट्टी ऐकू आली तर बंद करा.

टप्पा ७: रंग एकेक करून

कन्सोलचा रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टचा आणि ७५ ओहमच्या हिशेबाने बनवलेला. आर्केड बोर्डाचे सिग्नल बहुधा ३ ते ५ व्होल्टपर्यंत जातात. त्यामुळे थेट जोडलं तर चित्र येतं, पण दिवेलागणीच्या उजेडासारखं मंद. मग लोक चासीवरचा स्क्रीन कंट्रोल वाढवतात. चित्र उजळतं, पण काळा रंग करडा होतो आणि पडद्यावर तिरप्या परतीच्या रेषा दिसू लागतात. कमतरता सिग्नलमध्ये आहे, म्हणून ती मध्ये अँप्लिफायर घालून भरायची.

अँप्लिफायर व्हिडिओचाच हवा. एलएम ३५८ सारख्या साध्या आयसीवर बनवलेला चालत नाही, कारण व्हिडिओला काही मेगाहर्ट्झपर्यंत धाव लागते. तो आयसी तिथे पोहोचत नाही आणि अक्षरं उजवीकडे फरफटलेली दिसतात. दुप्पट वाढ देणारे तयार बोर्ड काही मॉनिटरना पुरतात, काहींना नाही. गेन (सिग्नलची वाढ) कमी-जास्त करता येणारा बोर्ड घेतलात तर पुन्हा खरेदी करावी लागत नाही.

अँप्लिफायरच्या प्रत्येक इनपुटवर ग्राउंडला ७५ ओहम आहे का ते बघा. बोर्डवर आधीच असेल तर दुसरा लावू नका, नाहीतर सिग्नल आणखी पडेल.

पहिल्यांदा हिरवा: स्कार्ट ११, ग्राउंड ९, अँप्लिफायरमधून जामाच्या सोल्डर बाजूच्या एन ला. चालू करा. संपूर्ण हिरवं पण स्थिर चित्र दिसलं पाहिजे. ते आलं की अर्धं युद्ध जिंकलं. मग बंद करून लाल: स्कार्ट १५, ग्राउंड १३, जामाच्या पार्ट्स बाजूच्या १२ ला. शेवटी निळा: स्कार्ट ७, ग्राउंड ५, पार्ट्स बाजूच्या १३ ला.

प्रत्येक रंगाचं ग्राउंड वेगळं आणा आणि अँप्लिफायरपाशी एकत्र करा. एकाच बारीक तारेवर चौघांचं ग्राउंड टाकलं की चित्रात सावल्या येतात.

तपासणी: कन्सोलच्या पांढऱ्या अक्षरांकडे बघा. पिवळी दिसली तर निळा पोहोचत नाही. गुलाबी-जांभळी दिसली तर हिरवा नाही. आकाशी दिसली तर लाल नाही.

टप्पा ८: चित्र जुळवा

निदान २० मिनिटं मॉनिटर तापू द्या, मगच पॉट (चासीवरच्या जुळवणीच्या छोट्या फिरत्या खुंट्या) फिरवा. थंड मॉनिटरवर केलेली जुळवणी तापल्यावर सरकते.

समोर आरसा ठेवा, म्हणजे मागून वाकून बघताना तोल जाणार नाही. प्लास्टिकचा स्क्रू ड्रायव्हर वापरा, दुसरा हात खिशात ठेवा. काहीही फिरवण्याआधी प्रत्येक पॉटची मूळ जागा मार्करने खुणवा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चित्र वर-खाली सरकत असेल तर उभ्या होल्डचा पॉट फिरवा. तिरपं फाटत असेल तर आडवा होल्ड. पाल गेमचं चित्र उंचीला वेगळं दिसेल, ते उभ्या साइझने बसतं. रुंदीची कॉइल फिरवायला धातूची ॲलन की कधीच घालू नका. आतला फेराइटचा गाभा तडकतो आणि तो बदलायला मिळत नाही.

प्लेस्टेशन २ चे बरेच गेम ४८० इंटरलेस्ड (एकाआड एक रेषा आळीपाळीने दाखवणारे) असतात, त्यात बारीक आडव्या रेषा थरथरतात. तो दोष नाही. प्लेस्टेशन १ चा गेम लावून बघा, तेच चित्र शांत दिसेल.

दोन-तीन चित्रं शेजारी शेजारी किंवा एकावर एक दिसली तर मात्र कुठलाही पॉट फिरवू नका. १५ च्या मॉनिटरला ३१ चा सिग्नल जातो आहे. तत्काळ बंद करा. जुन्या चासींमध्ये यानेच आडव्या आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो.

चित्रातून एक जाड, फिकट पट्टा हळूहळू वर चढत असेल तर आधी ग्राउंडच्या जोडण्या बघा. तिथे सगळं ठीक असेल तर चासीवरचे फिल्टर कपॅसिटर थकले आहेत. ते काम जुन्या टीव्ही कारागिराकडे द्या.

टप्पा ९: आवाज

स्कार्टच्या २ आणि ६ वर उजवा-डावा आवाज, ग्राउंड ४. हा लाइन आवाज आहे, स्पीकर चालवायची ताकद त्यात नाही. मूळ पेटीत गेम बोर्डावरच अँप्लिफायर असायचा. पीएएम ८४०३ चा छोटा बोर्ड ५ व्होल्टवर चालतो आणि पेटीपुरता पुरतो. त्याच्या स्पीकरच्या उणे टोकाला ग्राउंड करू नका, तो बोर्ड तसा बनवलेला नाही. पेटीतल्या स्पीकरची एक वायर ग्राउंडला जोडलेली असेल तर आधी सोडवा.

दार लावण्याआधी

प्लग काढा आणि तासभर थांबा. मऊ ब्रशने चासी झाडून घ्या, ट्यूबवरच्या रबरी टोपीच्या भोवती मात्र ब्रश नेऊ नका. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी पेटी असेल तर हे काम दर काही महिन्यांनी करावं लागेल. उच्च दाबाच्या भागाकडे धूळ खेचली जाते, आणि कापसाची तूस त्यावर बसली की पावसाळ्यातल्या दमट हवेत ठिणग्या उडू शकतात. अँप्लिफायर आणि एलएम १८८१ चे बोर्ड प्लास्टिकच्या डबीत बसवून पेटीच्या लाकडी बाजूला स्क्रूने पक्के करा, चासीवर ठेवून देऊ नका. कन्सोल पेटीच्या तळाशी, मॉनिटरपासून दूर ठेवा आणि त्याच्या पंख्यासमोर मोकळी जागा सोडा. मे महिन्यात सोलापुरात बंद पेटीची मागची जाळी झाकलेली असेल, तर मॉनिटरच्या आधी कन्सोलच बंद पडेल.